राज्यपाल नवे, हिशेब जुना: राज्यपालपदाच्या सेवेचं मराठवाड्याच्या बाजूने परीक्षण

नवे राज्यपाल येणार अशी बातमी आली की संभाजीनगरपासून किनवटपर्यंत पहिला प्रश्न हाच असतो: आता राज्याचं राजकारण फिरणार का? उत्तर आधीच सांगून टाकलेलं बरं. विधानसभेत बहुमत स्पष्ट असेल तर नाही फिरणार. आकडे डळमळीत असतील तर मात्र राज्यपालांच्या एका पत्राने बराच फरक पडतो. पण मराठवाड्याला या पदाकडून मिळू शकणारी खरी सेवा वेगळीच आहे. घटनेने ती नाव घेऊन आपल्याला देऊ केली: प्रदेशाचं स्वतंत्र विकास मंडळ आणि विकासखर्चाचं समन्यायी वाटप. 30 एप्रिल 2020 ला मंडळांची मुदत संपली आणि तिचा कणाच मोडला. म्हणून हे परीक्षण कुणा व्यक्तीचं नसून पदाकडून मिळणाऱ्या कामाचं आहे.

आधी खर्च आणि मुदत. राज्यपालांचं वेतन दरमहा साडेतीन लाख रुपये. हे वेतन, भत्ते आणि पदाचा इतर खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतो. म्हणजे विधानसभेत त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. मुदत कागदावर 5 वर्षांची, पण कलम 156 प्रमाणे राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच. ऑगस्ट 2014 मध्ये के. शंकरनारायणन यांची मिझोरामला बदली झाली, तेव्हा तिकडे न जाता त्यांनी राजीनामा दिला. सप्टेंबर 2019 ते सप्टेंबर 2025 या 6 वर्षांत भगतसिंह कोश्यारी, रमेश बैस, सी. पी. राधाकृष्णन आणि गुजरातचं काम सांभाळून अतिरिक्त कार्यभार घेतलेले आचार्य देवव्रत, असे चौघे झाले. पी. सी. अलेक्झांडर मात्र 1993 ते 2002 इतका काळ टिकले आणि अनुशेषाचं, म्हणजे मागास भागांची विकासातली तूट मोजून भरून काढण्याचं, बहुतेक ठोस काम त्यांच्याच कारकिर्दीत झालं. माणूस दोन-अडीच वर्षांत बदलत राहिला तर असं काम तडीला जात नाही, हा या सेवेतला पहिला दोष.

सरकार बनवणं आणि पाडणं: 5 पैकी 2

बहुमत असलं की राज्यपाल काही करू शकत नाहीत, याचा पुरावा आपल्याच भागात आहे. चाकूरचे शिवराज पाटील जानेवारी 2010 ते जानेवारी 2015 पंजाबचे राज्यपाल होते. ते काँग्रेसचे, तिथलं सरकार अकाली दल-भाजपचं. त्यांच्याच काळात 2012 ची निवडणूक झाली, तेच सरकार पुन्हा निवडून आलं आणि प्रकाशसिंग बादल मुख्यमंत्रिपदी कायम राहिले. फुलंब्रीचे हरिभाऊ बागडे 31 जुलै 2024 ला राजस्थानचे राज्यपाल झाले, तेव्हा तिथलं सरकार सात-आठ महिने आधीच बहुमताने बसलेलं होतं. महाराष्ट्रातही नोव्हेंबर 2024 च्या निकालात महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांचीच बेरीज 288 पैकी 230 झाली. त्यानंतर शपथविधी 5 डिसेंबरपर्यंत लांबला तो युतीतल्या बोलण्यांमुळे. राज्यपालांचं काम शपथ देण्यापुरतं उरलं होतं.

बहुमताचा 145 चा आकडा कुणाकडेच दिसत नसेल तेव्हा पदाचं वजन एकदम वाढतं. ऑक्टोबर 2019 च्या निकालानंतर राज्यपालांनी एकेका पक्षाला विचारणा केली. राष्ट्रवादीला 12 नोव्हेंबरच्या रात्री साडेआठपर्यंत वेळ दिलेली असताना त्याच दिवशी त्याआधीच राष्ट्रपती राजवट लागली. 23 नोव्हेंबरला पहाटे ती उठली आणि आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी झाला. सर्वोच्च न्यायालयाने 27 तारखेला बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं आणि 26 लाच राजीनामे आले. कुणाला कधी बोलवायचं आणि किती तास द्यायचे, हे राज्यपाल ठरवतात. सरकार टिकणार की नाही हे मात्र सभागृहातली मोजणीच ठरवते. 1994 च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं होतं.

जून 2022 मध्ये एका पत्राने खरोखर फरक पडला. 30 जूनला बहुमत सिद्ध करा असं राज्यपालांनी कळवलं, 29 ला उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला. 11 मे 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चाचणी बोलावण्याइतका वस्तुनिष्ठ आधार राज्यपालांसमोर नव्हता. पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाले, त्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही. म्हणजे राज्यपालांचं पाऊल चुकीचं ठरलं तरी त्याचा परिणाम तसाच राहिला. या पदाची राजकीय ताकद किती, हे मोजायला यापेक्षा नेमकं उदाहरण नाही. तरीही हे लक्षात घ्या की आमदार आधी फुटले होते. फूट राज्यपालांनी पाडली नाही, फुटीला तारीख दिली.

रोखून धरणं

राज्यपालांचं खरं राजकीय हत्यार सही हे नाही. सही न करणं, हे आहे. विधान परिषदेच्या 78 पैकी 12 जागा कलम 171 प्रमाणे राज्यपाल भरतात. नोव्हेंबर 2020 मध्ये आघाडी सरकारने दिलेली 12 नावं सरकार जाईपर्यंत तशीच पडून राहिली. ऑगस्ट 2021 मध्ये उच्च न्यायालयाने वाजवी वेळेत निर्णय अपेक्षित आहे असं म्हटलं, तरी काही हललं नाही. पुढच्या सरकारने यादी परत घेतली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये 12 पैकी 7 जागा भरल्या गेल्या. विधानसभेचं अध्यक्षपदही फेब्रुवारी 2021 पासून 3 जुलै 2022 पर्यंत रिकामं होतं. डिसेंबर 2021 मध्ये सरकारने निवडणूक घ्यायचं ठरवलं, तेव्हा तारखेला राज्यपालांची मान्यता मिळाली नाही.

विधेयकांचंही तेच. कलम 200 खाली संमती देणं, परत पाठवणं किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणं, एवढेच रस्ते आहेत. कागद दाबून बसणं हा रस्ता घटनेत नाही. एप्रिल 2025 मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींनी मुदती ठरवून दिल्या होत्या. 20 नोव्हेंबर 2025 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिलं की न्यायालय अशी मुदत घालू शकत नाही, पण अकारण लांबण लागली तर निर्णय घ्या एवढं सांगू शकतं. त्यामुळे मुंबईत एक पक्ष आणि दिल्लीत दुसरा असेल तेव्हा नवे राज्यपाल सरकारची गती नक्की कमी करू शकतात. दोन्हीकडे एकच आघाडी असेल तर या हत्याराला कामच नसतं.

कलम 371 (2): मराठवाड्याचं खरं काम

28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने मागास भागांना न्याय्य वाटा देण्याचं वचन दिलं. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते कलम 371 (2) मध्ये आणलं. विधिमंडळाने विकास मंडळांचा ठराव केला 1984 ला आणि राष्ट्रपतींचा आदेश निघाला मार्च 1994 मध्ये. तरतूद ते अंमल, 38 वर्षं.

या कलमाखाली राज्यपालांवर तीन गोष्टींची विशेष जबाबदारी टाकता येते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळं असणं आणि त्यांचा अहवाल दरवर्षी विधानसभेत ठेवणं. विकासखर्चाचं तिन्ही प्रदेशांत समन्यायी वाटप करणं. आणि तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण व राज्याच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी. हे काम मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावर सोडलेलं नाही. सगळ्या घटनेत नवा राज्यपाल मराठवाड्यासाठी स्वतःहून काही करू शकेल अशी ही सगळ्यात मोठी जागा.

अनुशेष मोजायची रीत समजून घ्यायला हवी, कारण गडबड तिथेच होते. आधी राज्याची सरासरी काढतात आणि ज्या जिल्ह्याची पातळी तिच्याखाली आहे त्याची तूट मोजतात. समजा राज्यात अमुक लोकसंख्येमागे सरासरी 10 खाटा आणि एखाद्या जिल्ह्यात 6, तर 4 खाटांची तूट. तिला जिल्ह्याच्या लोकसंख्येचा हिशेब लावून एका खाटेच्या खर्चाने गुणायचं, की रुपयांतला अनुशेष मिळतो. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांची बेरीज करायची. वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे 3,187 कोटी काढला, त्यात मराठवाड्याचा सुमारे 751 कोटी. निर्देशांक व अनुशेष समितीने 1 एप्रिल 1994 या तारखेला तो 14,007 कोटींच्या घरात दाखवला, त्यात मराठवाडा 4,004 कोटींच्या वर. 10 वर्षांत अनुशेष घटण्याऐवजी कित्येक पटींनी फुगला. त्याच आधारावर डिसेंबर 2001 मध्ये राज्यपालांचे निधीवाटपाचे निर्देश निघाले.

पुढे बिनसलं कुठे? एक तर 1994 ही तारीख गोठली. त्यानंतर पुणे-मुंबईकडचा भाग जितका पुढे गेला, तितकी रुंदावलेली दरी या हिशेबात दिसतच नाही. दुसरं, एकक जिल्हा. जिल्ह्याचं शहर सरासरी वर ओढतं आणि कडेचा तालुका त्याच्याआड लपतो. म्हणूनच विजय केळकर समितीने 2013 च्या अहवालात तालुका धरायला सुचवलं. सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र आर्थिक आणि भौतिक अनुशेषाची गल्लत ही. मंजूर पैसा खर्ची पडला की कागदावर अनुशेष मिटतो. मुख्य कालवा झाला, वितरिका अर्धवट राहिल्या, शेवटच्या चारीला पाणी पोचलं नाही, तरी रकाना भरलेला. दिरंगाईने खर्च वाढला की तेवढ्याच पैशात कमी हेक्टर भिजतं आणि हा तोटा पुन्हा मराठवाड्याच्याच माथी येतो.

30 एप्रिल 2020 ला मंडळांची मुदत संपली. तेव्हाच्या सरकारने मुदतवाढ वेळेत मार्गी लावली नाही. 27 सप्टेंबर 2022 ला पुढच्या सरकारच्या मंत्रिमंडळाने मंडळं पुन्हा स्थापायचा निर्णय घेतला. पण मंत्रिमंडळाची शिफारस राज्यपालांमार्फत केंद्राच्या गृह मंत्रालयाकडे आणि तिथून राष्ट्रपतींच्या आदेशापर्यंत जावी लागते. मधल्या काळात राज्यपाल बदलत राहिले, मंडळं आली नाहीत. 16 सप्टेंबर 2023 ला संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक झाली, हजारो कोटींच्या घोषणा झाल्या. घोषणेला आमचा विरोध नाही. पण घोषणा पुढच्या अर्थसंकल्पात विरू शकते. राज्यपालांनी ठरवलेलं वाटप अर्थसंकल्पात वेगळं दाखवावं लागतं. मराठवाड्याच्या 46 आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून नव्या राज्यपालांकडे एकच गोष्ट मागायची असेल तर ती हीच. या कामाला आज 5 पैकी 1 गुण, आणि तो अलेक्झांडर यांच्या काळातल्या कामासाठी.

किनवट, माहूर आणि विद्यापीठं

घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी भागांच्या कारभाराबद्दलचा अधिकार मात्र खरोखर वापरला गेलेला आहे. अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा लागू होऊ नये किंवा फेरफार करून लागू व्हावा, हे राज्यपाल अधिसूचनेने ठरवू शकतात. मराठवाड्यात किनवट आणि त्यातून निघालेल्या माहूर तालुक्यातली गावं यात येतात. 9 जून 2014 च्या अधिसूचनेने तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशा गावपातळीवरच्या पदांवर स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांची तरतूद झाली. त्याच वर्षी सी. विद्यासागर राव यांच्या काळात आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट ग्रामसभांकडे देण्याचं ठरलं. भरतीचं प्रकरण पुढे न्यायालयात अडकलं, हेही खरं. तरी इथे 5 पैकी 3.

कुलपती म्हणून संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांचे कुलगुरू राज्यपाल नेमतात. 2016 च्या कायद्याप्रमाणे शोध समिती किमान 5 नावं देते आणि निवड त्यांची असते. कुलगुरूंची 5 वर्षं म्हणजे परीक्षांचं वेळापत्रक, प्राध्यापक भरती, संशोधन केंद्रं. विद्यार्थ्याच्या आयुष्यात नव्या राज्यपालांमुळे लगेच काही बदलू शकत असेल तर ते इथेच. निवड लांबली की प्रभारी कारभार सुरू होतो आणि प्रभारी माणूस मोठ्या निर्णयाला हात घालत नाही.

सेवा वापरायची कशी

पीकविमा, बदली, रेशनकार्ड यांची निवेदनं राज्यपालांकडे पाठवून उपयोग नाही; ती संबंधित विभागाकडे रवाना होतात आणि जिल्ह्यालाच परत येतात. निवेदनात कलम लिहा: निधीवाटप व मंडळांसाठी 371 (2), किनवट-माहूरसाठी पाचवी अनुसूची परिच्छेद 5, कुलगुरू निवडीसाठी 2016 चा विद्यापीठ कायदा. एका निवेदनात एकच मागणी, सोबत आपल्या तालुक्याचे आकडे आणि राज्याची सरासरी.

निवेदनाबरोबर माहितीचा अर्जही टाका. राज्यपालांच्या कार्यालयालाही माहिती अधिकार लागू आहे. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर, 150 शब्दांत, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मंडळं पुन्हा स्थापण्याच्या प्रस्तावाची सद्यस्थिती, केंद्राशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती आणि 2020 नंतर 371 (2) खाली निघालेल्या निर्देशांच्या प्रती, एवढंच मागा. 'का केलं नाही' असं विचारलं की उत्तर टाळायला वाट मिळते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प. मिळालेली प्रत आपल्या आमदारांच्या हातात अधिवेशनाच्या आधी पडली पाहिजे, म्हणजे तिचा तारांकित प्रश्न, मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागणारा प्रश्न, होतो.