पॅनल आधी काट्यावर टाका: रॉकवूलच्या नावाखाली थर्माकोल

माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीतला घुमारा कमी करायला मागवले होते आवाज जिरवणारे १२ पॅनल आणि ४ बेस ट्रॅप, म्हणजे खालचे स्वर जिरवणारे पॅनल. प्रत्येक पॅनल १२०० बाय ६०० मिलिमीटर, जाडी १००, आत ६० किलो प्रति घनमीटर घनतेचं रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर. कोटेशनवर हे सगळं छापलेलं होतं. ७० टक्के पैसे आगाऊ, २० टक्के माल उतरल्यावर, शेवटचे १० टक्के खोलीतल्या आवाजाच्या मोजणीचा आलेख पाहून. शंभरच्या शंभर टक्के गेले. आत निघाला २५ मिलिमीटर फोम आणि त्यामागे ७५ मिलिमीटर थर्माकोल.

थर्माकोल आवाज जिरवत नाही. त्याच्या पेशी बंद असतात, हवा आत शिरतच नाही, आणि अशा पॅनलमध्ये हवा तंतूंमधून किंवा उघड्या छिद्रांमधून घासत गेल्याशिवाय आवाजाची ऊर्जा कमी होत नाही. म्हणजे भिंतीला लागला फक्त एक इंच फोम. तो १००० हर्ट्झच्या वर बरं काम करतो, २५०च्या खाली जवळजवळ काहीच नाही. खोली ३.४ बाय २.९ मीटर, उंची २.८. रुंदी-उंची जवळपास सारखी, त्यामुळे ५९ आणि ६१ हर्ट्झचे मोड, म्हणजे खोलीच्या मापामुळे घुमत राहणारे स्वर, एकमेकांवर चढतात. त्यांची दुप्पट ११८ आणि १२२, म्हणजे नेमका पुरुषी आवाजाचा मूळ स्वर. तिथला घुमारा तसाच राहिला आणि वरची चमक तेवढी फोमने खाल्ली. रेकॉर्डिंग आधीपेक्षा कोंदट झालं.

कळायला हवं होतं ते माल उतरतानाच. एक माणूस एका खेपेत चार पॅनल घेऊन जिना चढत होता. १.२ गुणिले ०.६ गुणिले ०.१ म्हणजे ०.०७२ घनमीटर, ६०च्या घनतेने नुसतं रॉकवूल ४ किलो ३०० ग्रॅम, वर प्लायची चौकट दोन किलोंच्या पुढे. चार पॅनल म्हणजे २५ किलोंहून जास्त. कोणी असं हसतखेळत आणत नाही. हे गणित मला येत होतं. मी पॅनल उचललं, हलकं लागलं, विचारलंही. "चौकट पातळ प्लायची आहे," या उत्तरावर मी गप्प बसले. नंतर काट्यावर भरलं ३ किलो ४०० ग्रॅम. या गप्प बसण्याचा राग अजून जात नाही.

पण उघडून बघणार तरी कसं? कापड मागून स्टेपल केलेलं, त्यावर फळी ठोकलेली. आणि कापड फाडलं की माल परत नाही, ही अट पावतीच्या मागे. म्हणून सांगते: एक पॅनल तुमच्यासमोर उघडून दाखवायचं, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी घ्या.

बसवून झाल्यावर विकणाऱ्यांनी टाळी वाजवून दाखवली. खोली एकदम शांत. टाळीत खालचे स्वर नसल्यातच जमा असतात. टाळीच्या परीक्षेत कोणताही फोम पास होतो. टाळीवर पैसे देऊ नका.

मग आलेख. स्मूदिंग म्हणजे रेषेतले चढउतार सरासरी काढून गुळगुळीत करणं. आधीचा आलेख १/२४ ऑक्टेव्ह स्मूदिंगचा, सगळे खड्डे-डोंगर दिसणारा. नंतरचा १/१ ऑक्टेव्हचा, म्हणजे इस्त्री फिरवलेला. शिवाय उभी मोजपट्टी आधी ४० डेसिबलची, नंतर १२०ची. खाली कोपऱ्यात लिहिलेलं होतं, मी रेषा बघितली, कोपरा नाही. मोजणी रूम ईक्यू विझार्ड या सॉफ्टवेअरमध्ये केली असेल तर त्याची मूळ एमडॅट फाइल मागा. चित्र नको. स्मूदिंग स्वतः काढा आणि वॉटरफॉल, म्हणजे कोणता स्वर किती वेळ घुमतो याचा आलेख, बघा.

कोटेशनसोबत एनआरसी, म्हणजे पॅनल किती आवाज जिरवतं याचा आकडा, १.०५ असा रिपोर्टही होता. एनआरसी ही २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झच्या आकड्यांची सरासरी असते. १२५ त्यात येतच नाही. बेस ट्रॅप विकताना एनआरसी दाखवणारा माणूस तिथेच थांबवा. आणि तो रिपोर्ट पॅनलमागे ४०० मिलिमीटर पोकळी ठेवून केलेल्या मांडणीचा होता. माझ्याकडे पॅनल भिंतीला चिकटवले.

तक्रार केली. ग्राहक तक्रार कक्षाने पावती पाहिली: "अकूस्टिक पॅनल, १२ नग." नग १२ आहेत का? आहेत. मग तक्रार कसली? कोटेशन दाखवलं तर म्हणे कोटेशन म्हणजे करार नव्हे. आतला माल वेगळा असल्याचं प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आणा, म्हणाले. थर्माकोलचा तुकडा टेबलावर ठेवला होता, हाताने मोडून दाखवला, तरी प्रमाणपत्र! पोलिसांनी दिवाणी मामला म्हणून परत पाठवलं. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःच्या संमतीने पाठवले. तिन्हीकडे मिळून नऊ फेऱ्या, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच: "एवढे पैसे भिंतीला लावायला कशाला घालवले?" फसवणूक झालेल्या माणसाला हे विचारणं हे यांचं काम आहे का?

पावतीवर पदार्थ, घनता, जाडी आणि नगाचं वजन लिहून घ्या. नुसतं "अकूस्टिक" चालणार नाही. कापडातून फुंकर मारा. आरपार गेली नाही तर ते कापड वरचे स्वर परतवणार. "साउंडप्रूफ" म्हणाले तर उठून या, पॅनल खोलीतला आवाज जिरवतं, शेजारी जाणारा अडवत नाही. तो अडवायला वजनदार आणि हवाबंद भिंत लागते. फोमचा छोटा तुकडा मोकळ्या जागेत पेटवून बघा. २००३ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट वॉरविकच्या नाइटक्लबमध्ये १०० आणि २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारियातल्या नाइटक्लबमध्ये २४२ माणसं गेली, दोन्हीकडे आतषबाजीने असाच फोम पेटला होता.

चौकटी तेवढ्या कामाच्या निघाल्या. थर्माकोल काढून ५० मिलिमीटरचे दोन थर रॉकवूल भरतेय, मास्क आणि हातमोजे घालून, मागची फळी काढून तिथेही कापडच, भिंतीपासून १०० मिलिमीटर अंतर. चार बेस ट्रॅप अजून उघडायचे आहेत. तेही हलकेच आहेत.