रिबवाली क्रोशे टोपी: सरळ आयत विणून आवळायची की शॉर्ट रोने कळ्या काढायच्या?

रिबची, म्हणजे उभ्या उठावदार रेघांची, टोपी आडवी विणायची, म्हणजे साखळी टोपीच्या उंचीएवढी आणि ओळी डोक्याच्या घेराएवढ्या, हे एकदा ठरलं की पुढचा सगळा प्रश्न शेंड्याचा असतो. सोपा रस्ता म्हणजे सरळ आयत विणायचा, दोन कडा जोडायच्या आणि वरच्या तोंडातून धागा ओवून आवळून टाकायचं. दुसरा रस्ता शॉर्ट रोचा, त्यात काही ओळी शेंड्यापर्यंत न नेता आधीच वळायचं, मग झग्याला असतात तशा कळ्या तयार होतात आणि शेंडा विणतानाच निमुळता होत जातो. मी सुरुवातीची काही वर्षं फक्त आयतवाल्या टोप्या केल्या, आता जवळजवळ सगळ्या शॉर्ट रोच्या करते, म्हणून दोन्हीचं जे हाताला जाणवलं ते लिहितेय.

गोल विणून फ्रंट पोस्ट-बॅक पोस्टची (टाक्याच्या दांड्याभोवती पुढून-मागून विणलेली) रिब काढायचा तिसरा मार्गही आहे, पण त्याला लोकर खूप लागते, टोपी जाड होते आणि बॅक लूपच्या (टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यात विणलेल्या) रिबसारखी ताणली जात नाही, त्यामुळे मी तो इथे धरत नाही.

आयतवाल्या टोपीचा मोठा फायदा म्हणजे डोकं शांत राहतं. एकदा टाके ठरले की प्रत्येक ओळ तीच, बॅक लूपमध्ये हाफ डबल, म्हणजे आपला अर्धा खांब, जा आणि ये, गप्पा मारत विणा, प्रवासात विणा, मधेच कोणी हाक मारली तरी कुठे होतो हे शोधावं लागत नाही. मापही सोपं, टोपी घट्ट वाटली तर दोन ओळी वाढवा, सैल वाटली तर दोन उसवा. नव्याने शिकणाऱ्या कोणालाही मी पहिली टोपी हीच करायला सांगेन.

पण माझं मन त्यातून उडालं ते त्या आवळलेल्या शेंड्यामुळे. माझ्या नेहमीच्या टोपीला ६४ ओळी लागतात, म्हणजे ३२ उभ्या रेघा, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या वर एका नाण्याएवढ्या जागेत कोंबायच्या असतात. कमी ओढलं तर मध्ये भोक राहतं, जास्त ओढलं तर धागा तुटतो, आणि नीट जमलं तरी आतल्या बाजूला चुण्यांचा एक कडक गठ्ठा राहतोच. लोकर जितकी जाड तितका गठ्ठा मोठा. मी एक सोडून एक रेघ ओवून पाहिली, दोनदा आवळून पाहिलं, भोकावर आडवे-उभे टाके घालून पाहिले, प्रत्येक वेळी थोडा फरक पडला पण गठ्ठा काही गेला नाही. बाहेरून गोंडा लावला की छान झाकलं जातं, म्हणून मी कित्येक दिवस प्रत्येक टोपीला गोंडा लावत होते आणि आत काय होतंय याचा विचारच केला नव्हता. मग धाकट्या भावाला एक करून दिली, तो केस पूर्ण काढून टाकतो, त्याने दोन दिवस घातली आणि म्हणाला, "ताई, ऊब मस्त आहे गं, पण वर आत काहीतरी सारखं टोचतं." मी हात घालून बघितलं तर तोच गठ्ठा. तो वर जॅकेटचं हूड घ्यायचा तेव्हा तर अजूनच दाबला जायचा. ज्याला सगळ्यात जास्त टोपीची गरज त्यालाच ती टोचते, हे मला फार लागलं, आणि त्याच आठवड्यात मी शॉर्ट रो करायला घेतले.

माझा हिशोब असा आहे, मध्यम जाडीची लोकर आणि ५ मिमीची सुई. ४० टाके, पहिल्या दोन ओळी पूर्ण, पुढच्या दोन ३७ टाक्यांवरून वळून, मग दोन ३४ वरून, मग दोन ३१ वरून, झाली एक कळी ८ ओळींची. अशा ८ कळ्या. सुरुवात नेहमी काठाच्या बाजूने, वळायचं शेंड्याच्या बाजूला. ६४ ओळींपैकी शेंड्यापर्यंत पोचतात फक्त १६, म्हणजे ३२ ऐवजी ८ रेघा आवळायच्या, आणि त्या बोटाने हलकं ओढलं तरी बंद होतात. आत हात फिरवला तर सपाट. गोंडा हवा तर लावा, नको तर नको, मी आता बहुतेक वेळा लावतच नाही कारण वरून त्या आठ रेघा एका बिंदूत येताना इतक्या सुंदर दिसतात. शिवाय लोकरही वाचते, आयतात २५६० टाके पडतात आणि कळ्यांमध्ये २२७२, म्हणजे साधारण ११ टक्के कमी.

त्रास नाहीत असं नाही हं. पहिलं म्हणजे मोजावं लागतं. मी प्रत्येक वळणाच्या जागी मार्कर अडकवते आणि कळी पूर्ण झाली की काढते, तरी पहिल्या टोपीत एक कळी चुकून सहाच ओळींची झाली होती आणि ती उसवावी लागली. दुसरं, वळणाच्या जागी पायरी दिसते आणि पुढच्या पूर्ण ओळीत तिथे बारीक फट पडू शकते. त्यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे छोट्या ओळीचा शेवटचा टाका हाफ डबलऐवजी सिंगल क्रोशे, म्हणजे त्याहून बुटका टाका, करायचा, साखळी न घालता वळायचं आणि परत येतानाचा पहिला टाकाही सिंगलच, मग पायरीचा उतार होतो. (अमेरिकन नावं धरलीत, ब्रिटिश पॅटर्नमध्ये याच सिंगलला डबल म्हणतात, तेवढं बघून घ्या.)

तिसरी अडचण मापाची, आणि इथे आयत खरंच सरस आहे. माझ्या हातात एक कळी सव्वासहा सेंटीमीटरची होते, त्यामुळे एक कळी वाढवली की टोपी एकदम मोठी होते. ५६ सेंमीच्या डोक्याला मी ५० सेंमीची टोपी करते, ताणून नीट बसते, पण मधलं माप हवं असेल तर एखाददुसऱ्या कळीत दोन पूर्ण ओळी जास्त घालाव्या लागतात. शेंड्यात फरक कळत नाही, पण आधी ठरवून ठेवावं लागतं.

तर बाळासाठी बारीक लोकरीची टोपी असेल, किंवा गोंडा लावायचाच असेल, किंवा एका रात्रीत संपवून कोणाला द्यायची असेल, तर आयतच घ्या, त्यात काही कमी नाही. कदाचित तुमचा हात माझ्यापेक्षा हलका असेल आणि तुमचा गठ्ठा एवढा कडक होतही नसेल. पण केस विरळ असलेल्या माणसासाठी, केमोनंतर डोकं नाजूक झालेल्या कोणासाठी, हूड किंवा हेल्मेटखाली घालायला, किंवा जाड लोकर असेल तर मी तरी विचार न करता कळ्याच काढेन.

नक्की ठरत नसेल तर आधी दोनच कळ्या विणा आणि शेंड्याची कडा दोन बोटांत चिमटून बघा. भावासाठी दुसऱ्यांदा विणली तेव्हा मी तेच केलं होतं, ती टोपी तो आता रात्री झोपतानाही काढत नाही.