‘पॅनेल गेले आहे’ असे सांगून बॅकलाइटच्या दुरुस्तीचे उकळलेले पैसे

टीव्हीचा आवाज व्यवस्थित येतो, रिमोटने वाहिनी बदलते, पण पडदा मात्र काळाच राहतो, हा बिघाड आता इतका सर्रास आढळतो की त्याच्या आधारावर लबाडीचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला आहे. पुण्यात आमच्या घरी २०१९ साली घेतलेला ४३ इंची एलईडी टीव्ही गेल्या पावसाळ्यात असाच काळा पडला आणि ज्या दुरुस्तीचा खरा खर्च तीन हजारांच्या आत होता, तिच्यासाठी आमच्याकडून ११,८०० रुपये घेतले गेले. शिवाय दुरुस्तीही धड झाली नाही ती नाहीच. घडलेला प्रकार मी क्रमाने लिहीत आहे, कारण यातली प्रत्येक पायरी ठरवून रचलेली होती, हे पुढे दुसऱ्या कारागिराने टीव्ही उघडून दाखवल्यावरच आमच्या ध्यानात आले.

वॉरंटी संपलेली असल्यामुळे माझ्या मुलाने इंटरनेटवर कंपनीचे नाव आणि ‘सर्व्हिस सेंटर, पुणे’ एवढेच शब्द टाकून शोध घेतला. सर्वांत वर आलेल्या दुव्यावर कंपनीच्या बोधचिन्हाचेच रंग होते, १८०० ने सुरू होणारा क्रमांक होता आणि ‘दोन तासांत घरपोच सेवा’ असे आश्वासन होते. तो दुवा म्हणजे पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती आणि पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, ‘आम्ही वॉरंटी संपलेल्या उपकरणांसाठी स्वतंत्र सेवा पुरवतो’ असे एक वाक्यही होते. हे वाक्य कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी असते, ग्राहकाने वाचावे म्हणून नव्हे. १८०० चा टोल-फ्री क्रमांक कोणताही व्यावसायिक विकत घेऊ शकतो, त्यामुळे तो असणे हा खरेपणाचा पुरावा धरता येत नाही. कंपनीचा अधिकृत क्रमांक वॉरंटी कार्डावर, पुष्कळदा टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरवर आणि कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिलेला असतो.

जो तरुण घरी आला, त्याच्या गळ्यात ओळखपत्र होते, बोलणे नम्र होते आणि तो माझ्या पत्नीला प्रत्येक वाक्यात ‘काकू’ म्हणत होता. त्याने टीव्ही सुरू केला, पाठीमागचे झाकण उघडून मीटरच्या दोन पिना कुठेतरी टेकवल्या, शून्याचा आकडा दाखवला आणि म्हणाला, “बघा काकू, पॅनेलला करंटच जात नाही. पॅनेल गेलंय.” नवे पॅनेल कंपनीकडून घेतले तर अठरा हजार पडतील, पण आमच्या वर्कशॉपमध्ये ११,८०० मध्ये होईल, आजच नोंदणी केली तर तपासणीचे ३५० रुपये माफ, उद्या भाव काय असेल सांगता येत नाही, असे त्याने एका दमात सांगितले. पाच हजार रुपये आगाऊ घेऊन, टीव्ही चादरीत गुंडाळून तो गेला. यूपीआयने पैसे पाठवताना समोर एका व्यक्तीचे नाव आले, संस्थेचे नव्हे. विचारल्यावर ‘ते आमचे मॅनेजर आहेत’ असे उत्तर मिळाले.

आता या लबाडीचे मर्म सांगतो. ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो, तो मुळात एलसीडी टीव्हीच असतो. समोरची काच, म्हणजे पॅनेल, स्वतः प्रकाश देत नाही. ती फक्त मागून येणारा प्रकाश अडवते किंवा पुढे सोडते आणि त्यातून चित्र तयार होते. तो मागचा प्रकाश म्हणजे बॅकलाइट. आमच्यासारख्या साध्या टीव्हीत तो काचेमागे आडव्या बसवलेल्या पट्ट्यांवरच्या छोट्या एलईडी दिव्यांतून येतो. हे दिवे एकामागोमाग एक, माळेतल्यासारखे जोडलेले असतात, त्यामुळे त्यातला एक जळून मार्ग तुटला की त्या माळेतले सगळेच दिवे विझतात. मग वीज पुरवणाऱ्या बोर्डावरील संरक्षक यंत्रणेला बिघाड कळतो आणि ती उरलेला प्रकाशही बंद करते. म्हणून सुरू करताना क्षणभर पडदा उजळतो आणि लगेच काळा होतो. काच शाबूत असते, चित्रही तिच्यावर उमटत असते, फक्त ते दिसायला मागे उजेड नसतो.

पॅनेल गेले की बॅकलाइट गेला, हे एका मिनिटात घरच्या घरी कळू शकते. खोलीत अंधार करावा, टीव्ही सुरू करून रिमोटने मेन्यू पडद्यावर आणावा आणि मोबाइलचा टॉर्च काचेच्या अगदी जवळ, थोडा तिरका धरून पाहावे. त्या उजेडात मेन्यूची अक्षरे अंधुकशी दिसली, तर पॅनेल आणि चित्र तयार करणारे बोर्ड जिवंत आहेत आणि दोष प्रकाशाकडे आहे. तो पट्ट्यांत आहे की पट्ट्यांना वीज देणाऱ्या भागात, हे मात्र टॉर्चने ठरत नाही, त्यासाठी टीव्ही उघडावाच लागतो. ओएलईडी टीव्हीला ही चाचणी लागू नाही, कारण त्यात बॅकलाइटच नसतो; क्यूएलईडी आणि मिनी-एलईडी या नावांनी विकल्या जाणाऱ्या टीव्हींत मात्र तो असतो. आमच्याकडे आलेल्या तरुणाला हे ठाऊक नसणे शक्य नाही. त्याने टॉर्च काढला नाही, मीटर काढला, आणि मीटरवरचा शून्य हा आकडा पिना कुठे टेकवल्या यावर अवलंबून असतो.

टीव्ही परत आला तेव्हा चित्र लख्ख दिसत होते, म्हणून उरलेले ६,८०० रुपयेही दिले गेले. बसवून झाल्यावर माझ्या पत्नीला काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एक ओरखडा दिसला. नातवाने खेळण्यातली गाडी आपटल्यामुळे पडलेला तो जुनाच ओरखडा होता आणि नव्या पॅनेलवर त्याने असण्याचे काही कारण नव्हते. तिने तसे बोलूनही दाखवले, त्यावर तो तरुण ‘ते वरच्या आवरणावर आहे, आवरण जुनंच बसवतात’ असे म्हणून निघून गेला. पडद्यावर असे कुठलेही वेगळे आवरण नसते. जुने पॅनेल मागितले तर ‘ते कंपनीला परत जातं’ असे उत्तर आले. हाती आलेल्या बिलावर ‘पॅनेल रिपेअर’ एवढाच मोघम शब्द, तीन महिन्यांची हमी आणि एक जीएसटी क्रमांक होता. लहान दुकानदारांची उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर त्यांच्याकडे जीएसटी नोंदणी नसते आणि त्यात गैर काही नाही, पण छापलेला क्रमांक खोटा असणे ही निराळी गोष्ट आहे. हा क्रमांक नेहमी १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने होते आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो कोणालाही पडताळता येतो. आमच्या बिलावरच्या क्रमांकात १४ च अक्षरे होती.

हमीची मुदत संपण्याआधीच टीव्ही पुन्हा काळा पडला. फोन केल्यावर प्रथम ‘माणूस पाठवतो’, नंतर ‘आता आम्ही पुणे पाहत नाही’ अशी उत्तरे मिळाली आणि पुढे तो क्रमांक लागेनासाच झाला. तेव्हा एका परिचितांच्या ओळखीने, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात अनेक वर्षे दुकान असलेल्या कारागिरांकडे टीव्ही नेला. त्यांनी आधी टॉर्च लावला, अंधुक मेन्यू आम्हाला दाखवला आणि मग आमच्यासमोरच टीव्ही उघडला. पॅनेलवरच्या स्टिकरवर २०१९ सालच छापलेले होते, म्हणजे काच कधी बदललीच नव्हती. चार पट्ट्यांपैकी दोन मूळच्या, एक वेगळ्याच बनावटीची आणि चौथी तर मूळचीच, पण तिच्यातल्या जळालेल्या दिव्यावर तारेचा तुकडा डाग देऊन जोडलेला. दिवा न बदलता त्याला वळसा घालून वीज पुढे नेण्याची ही युक्ती काही काळ चालते, पण बाकीचे दिवेही त्याच वयाचे असतात आणि एकेक करून तेही जातात. शिवाय एलईडी कोणी तीन व्होल्टचे वापरते, कोणी सहाचे. भिन्न जातीच्या पट्ट्या एकत्र लावल्या की प्रकाश असमान पडतो. आमच्या पडद्याच्या मधल्या भागात आलेली फिकट आडवी झाक त्यामुळेच होती. काचेमागचे प्रकाश पसरवणारे पांढरे कागद काढताना धूळ आत गेली होती, तिचे दोन काळे ठिपके आजही पडद्यावर आहेत.

त्या कारागिरांनी चारही पट्ट्या बदलल्या, त्यांना जाणारा करंट किंचित कमी केला आणि मजुरीसह २,६०० रुपये घेतले. करंट कमी करण्याने पडदा थोडा मंद होतो, पण दिवे कमी तापतात आणि जास्त टिकतात. जाणकार कारागीर हे आपणहून करतात. टीव्हीच्या सेटिंगमधला बॅकलाइट शंभरावर ठेवण्याऐवजी साठ-सत्तरवर ठेवूनही तोच हेतू बराचसा साधतो. मोठी काच उचलण्यासाठी त्यांनी दुसऱ्या माणसाला बोलावले, कारण काचेच्या कडेला चिकटलेल्या पातळ, चपट्या केबलला धक्का लागला की पडद्यावर कायमच्या रेषा उमटतात आणि मग खरोखरच पॅनेल जाते. पॅनेलची किंमत बहुधा नव्या टीव्हीच्या जवळ जाते, म्हणून ‘पॅनेल’ हा शब्द ऐकून ग्राहक घाबरतो आणि निम्म्या भावात होते म्हटले की त्याला हायसे वाटते. हे काम घरी करून पाहू नये; पट्ट्यांना जाणारा दाब शंभर व्होल्टच्या वरही असू शकतो आणि वीजपुरवठ्याच्या बोर्डावरचा वीज साठवणारा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला राहतो.

चित्र दिसत असतानाही बॅकलाइटचा दोष ओळखता येतो. पडद्याचा ठरावीक भागच काळवंडला तर एखादी पट्टी गेलेली असते, पांढरे गोल डाग दिसू लागले तर दिव्यावरचे भिंग गळून पडलेले असते आणि सगळे चित्र निळसर-जांभळे झाले तर दिव्यांवरचा पिवळा लेप जळत चाललेला असतो. यांपैकी एकाही बाबतीत पॅनेल बदलण्याचे कारण नाही. काचेला तडा, शाईसारखा पसरलेला डाग किंवा वरून खाली गेलेल्या रंगीत रेषा दिसल्या, तर मात्र पॅनेलचा संशय रास्त ठरतो. कोणी पॅनेल बदलायचेच म्हणत असेल, तर झाकण उघडल्यावर स्टिकरवरच्या क्रमांकाचे छायाचित्र आधी घ्यावे, जुने पॅनेल परत देण्याचे लेखी कबूल करून घ्यावे आणि टीव्ही घराबाहेर जाणार असेल तर पावतीवर पूर्ण पत्ता लिहून मागावा. एवढे मागितल्यावर आमच्याकडचा तरुण बहुधा तिथूनच परतला असता.

तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिच्यामार्फत गेलेल्या तक्रारीवर टीव्हीच्या मूळ कंपनीने, हे केंद्र आपले नाही, असे लेखी कळवले आणि तो कागद आम्हाला उपयोगी पडला. पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. तिथे जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते, आणि आमच्या बाबतीत ती वेळ केव्हाच निघून गेली होती. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे, आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. अडचण येते ती विरुद्ध पक्षाच्या पत्त्याची. आमच्या बिलावरच्या पत्त्यावर शिवणकामाचे दुकान आहे आणि तिथल्या बाईंना या संस्थेचे नावही माहीत नाही. म्हणून प्रथम पोलिसांत अर्ज देऊन, यूपीआयच्या त्या दोन्ही व्यवहारांवरून खातेदाराचे नाव आणि पत्ता मिळवण्याची विनंती आम्ही केली आहे. सोबत बिल, कंपनीचे पत्र, बुधवार पेठेतल्या कारागिरांचे लेखी निवेदन आणि तारेने जोडलेल्या पट्टीचे छायाचित्र जोडले आहे. ती पट्टी आणि तिच्याबरोबर काढलेल्या बाकीच्या तिन्ही पट्ट्या आम्ही टाकून न देता जपून ठेवल्या आहेत, कारण खातेदाराचा पत्ता मिळाल्यावर आयोगासमोर त्या मूळ स्वरूपात मांडाव्या लागतील.