सोनार की जाळी, तलावातले मासे मोजायला काय बरं?

सोनार (दागिने घडवणारा नव्हे, पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे टिपणारं यंत्र!) घ्यावा की जाळीच टाकत राहावी, असं विचारलं होतंस ना, तर ऐक.

खर्च बघशील तर सोनार सुरुवातीलाच खिसा कापतो, पण मग एका रात्रीत बोटीने अख्खा तलाव पालथा घालता येतो. रात्रीच का, तर दिवसा मासे घोळक्यात असतात आणि अंधारात पांगतात, मग एकेक सुटा मोजता येतो. आवाज मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून परततो, त्यासाठी १२० किंवा २०० किलोहर्ट्झ कंपनसंख्येचा आवाज सर्रास वापरतात. गोची काय, तर जात कळत नाही, अगदी तळाला चिकटलेला मासा दिसत नाही, उथळ काठ सुटतो आणि गाळातून येणारे गॅसचे बुडबुडेसुद्धा मासे वाटू शकतात.

जाळी स्वस्त, पण मेहनत फार, आणि सापडलेले बरेच मासे मरतात हे मला तरी खटकतं. युरोपात मासे मोजायच्या एकाच जाळ्यात भोकांची ५ ते ५५ मिमीची १२ मापं असतात. जात, वजन, खवल्यांवरून वय, सगळं हातात येतं.

खोल, मोठा तलाव आणि दरवर्षीचा एकूण अंदाज हवा तर सोनार, सोबत जातींसाठी थोडी जाळी. उथळ, शेवाळाने भरलेलं तळं असेल तर जाळीच.