अबू सिंबेल: आख्खं देऊळ उचलून वर नेलंय, जाच!
इजिप्तमधल्या आसवानहून पहाटे चारला गाडी निघाली, वाळवंटातून साडेतीन तास, कंटाळा आलेला पण समोर रॅमसेस राजाचे ते वीस मीटर उंच बसलेले पुतळे दिसले आणि झोप उडाली. खरं सांगायचं तर मी मूर्ती बघायला नाही, सांधे बघायला गेलेलो. आसवानच्या मोठ्या धरणात हे बुडणार होतं म्हणून १९६४ ते ६८ मधे युनेस्कोने पुढाकार घेऊन इथली दोन्ही देवळं करवतीने हजारावर तुकड्यात कापली, एकेक तुकडा साधारण वीस टनांचा, आणि ६५ मीटर वर, २०० मीटर मागे नेऊन परत जोडली. मूळ देऊळ डोंगरात कोरलेलं, म्हणून डोंगरही नवीन केलाय, आत पोकळ काँक्रीटचा घुमट! पुतळ्यांच्या जवळ जाऊन नीट बघा, कापलेल्या रेषा बारीक दिसतात. फेब्रुवारीत एकदा आणि ऑक्टोबरमधे एकदा सूर्यकिरण गाभाऱ्यात जातात, ते सुद्धा सांभाळलंय.

उजनीत बुडालेलं पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की मी बघितलंय, इथे उभं राहून तेच आठवत होतं, गलबलून आलं.

टूरवाल्याने मात्र जेमतेम दोन तास दिले, अजिबात पुरत नाहीत. जमलं तर तिथे एक रात्र मुक्काम करा. देवळाला पाच स्टार, टूरला दोन.