५६ अंड्यांची पेटी आणि आमची खुडूक तांबडी

गेल्या वर्षी माघात आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, आणि त्याच आठवड्यात मी मागवलेली अंडी उबवायची पेटी कुरिअरने आली. म्हणून दोन्हीकडे एकाच संध्याकाळी अंडी ठेवली. पेटीत ४०, तांबडीखाली ११. सगळी आमच्याच कोंबड्यांची, आठवड्याच्या आतली, टोक खाली करून ठेवलेली. आता दीड वर्ष झालं, पेटीतून चार वेळा पिल्लं काढली. पेटी घ्यावी का, असं गावातल्या आणि नात्यातल्या बऱ्याच जणी विचारतात, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते.

आम्ही पाटण तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला राहतो. पेटी घरपोच ६,२०० रुपयांना पडली. ५६ अंड्यांची, पिवळ्या प्लास्टिकची, वरचं झाकण पारदर्शक. आत पंखा, दर दोन तासांनी अंडी हळूच कलंडवणारा ट्रे, खाली पाणी घालायचे दोन पन्हळ, बाहेर तापमान आणि ओलावा दाखवणारा आकडा. विजेवर चालते आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरही. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे बॅटरीची सोय नसती तर मी घेतलीच नसती. पहिल्याच खेपेला बाराव्या रात्री वीज गेली आणि बॅटरी चार्ज केलेली नव्हती. पाच तास पेटीवर दोन गोधड्या टाकून ठेवल्या. त्याने फार नुकसान झालं नाही. कोंबडीसुद्धा अंड्यांवरून रोज उठतेच, थोडा वेळ गार पडलं म्हणून गर्भ लगेच मरत नाही.

पहिल्या खेपेचा हिशेब सांगते. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडी धरून बघितली. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं धरलंय. पेटीतली सहा नुसती पिवळी दिसली, ती काढली. राहिली ३४. तांबडीखालचं एक गेलं, राहिली १०. एकविसाव्या दिवशी दुपारपर्यंत तांबडीची दहाच्या दहा पिल्लं बाहेर आली. पेटीत त्या दिवशी एकाही अंड्याला तडा नव्हता. बाविसाव्या आणि तेविसाव्या दिवशी मिळून २३ निघाली. ११ पिल्लं कवचातच मेली. मी ती अंडी फोडून बघितली. पूर्ण वाढलेली, पिसं आलेली पिल्लं, आतला पापुद्रा अंगाला चिकटून सुकलेला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दोन चुका होत्या, एक पेटीची आणि एक माझी. आकडा ३७.८ दाखवत होता, आणि पंखा असलेल्या पेटीला तेवढंच लागतं. पण ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर वरच्या भोकातून अंड्यांच्या उंचीपर्यंत सोडला, तर तो ३७ दाखवायचा. पाऊण अंश म्हणजे आपल्याला काहीच वाटत नाही, पण तीन आठवडे तेवढं कमी पडलं की पिल्लं उशिरा आणि अशक्त निघतात. आकड्यात दुरुस्ती करायची सोय पेटीत आहे, पण ती माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होती आणि विकणाऱ्याने सांगितली नाही. माझी चूक अशी की अठराव्या दिवसानंतर मी सारखं झाकण उघडून बघत होते. अठराव्या दिवशी कलंडवणं बंद करायचं, पन्हळ भरायचे, ओलावा ६५ ते ७० वर न्यायचा आणि मग झाकणाला हात लावायचा नाही. प्रत्येक वेळी उघडलं की ओल निघून जाते आणि पापुद्रा सुकतो. पिल्लं निघाल्यावरही घाई करू नये. बाहेर यायच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर दोन दिवस त्याला दाणापाणी लागत नाही. म्हणून तर कोंबडी शेवटचं पिल्लू निघेपर्यंत बसून राहू शकते.

दुसरी खेप आषाढात. आकडा दुरुस्त केलेला, झाकण बंद. ४२ पैकी ३८ धरली, ३४ निघाली. एवढा निकाल मिळाला म्हणजे यंत्र म्हणून पेटी चांगली आहे, हे मी मान्य करते.

आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला बजावलं होतं, “टोकदार अंड्यात कोंबडा असतोय, तलंगा पायजेल असतील तर गोल बघून ठेव.” तलंगा म्हणजे तरुण माद्या. आमच्याकडे सगळ्याच असं मानतात. मी दुसऱ्या खेपेत नऊ गोल अंड्यांना पेन्सिलने खूण केली आणि शेवटी ती जाळीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवली. नऊ पिल्लांत पाच तलंगा आणि चार कोंबडे निघाले. आकाराचा काही संबंध नाही. कोंबड्यांमध्ये नर की मादी हे कोंबडीच्या अंड्यातच ठरलेलं असतं, ते कोंबड्यावर नसतं आणि उबेच्या आकड्यावरही नसतं. कोणी पेटीचं तापमान बदलून जास्त तलंगा काढून देतो म्हणाला, तर विश्वास ठेवू नका.

आता पारदर्शक झाकणाबद्दल. मला वाटलं होतं, ते आपल्याला आत बघता यावं म्हणून असतं. पहिल्या खेपेला थंडी होती म्हणून मी पेटीवर सतत जाड घोंगडं टाकून ठेवलं. नंतर कळलं की अंड्यातल्या पिल्लालाही उजेड लागतो. शेवटच्या दिवसांत पिल्लू कवचात अशा बेताने वळून बसतं की डावा डोळा त्याच्या स्वतःच्या अंगाकडे झाकलेला राहतो आणि उजवा कवचाकडे असतो. कवचातून झिरपणारा उजेड फक्त उजव्या डोळ्याला मिळतो. त्यामुळे मेंदूच्या दोन बाजू वेगवेगळी कामं वाटून घेतात. मोठं झाल्यावर उजवा डोळा खड्यांतून दाणा निवडतो आणि डावा वर घार आहे का ते बघतो. ऑस्ट्रेलियाच्या लेस्ली रॉजर्स यांनी १९८२ मध्ये हे उजेडाचं नातं मांडलं. पुढच्या प्रयोगांत, अंधारात उबवलेल्या पिल्लांना खड्यांतून दाणे वेचता वेचता वरून सरकणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या आकृतीवर लक्ष ठेवणं जड गेलं. उजेडातल्या पिल्लांना दोन्ही एका वेळी जमलं. तांबडी रोज सकाळी उठायची. दाणे खायची, पाणी प्यायची, राखेच्या खड्ड्यात लोळून अंग झटकायची आणि पाव तासाने परत बसायची. तेवढ्या वेळात अंड्यांवर उजेड पडायचा. दुसऱ्या खेपेपासून मी पेटी दिवसा उघडी ठेवते, उन्हाची तिरीप थेट येणार नाही अशा जागी. तुम्ही पेटी घेणार असाल तर थर्माकोलची बंद पेटी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका.

पेटीला जमत नाही ती गोष्ट मी विसाव्या दिवशी कान लावून ऐकली. पिल्लू आतल्या हवेच्या पोकळीत चोच घालून श्वास घ्यायला लागलं की कवच फुटायच्या आधीच चिवचिवतं. तांबडीच्या पोटाखालून तो बारीक आवाज येत होता, आणि प्रत्येक वेळी ती मान खाली घालून अगदी हळू ‘टुक… टुक…’ करत होती. कोणी जास्त ओरडलं तर अंग जरा हलवून बसायची, की तो आवाज थांबायचा. शेजारच्या खोलीत पेटीत तीच चिवचिव चालू होती आणि वर फक्त पंखा फिरत होता.

पहिल्या खेपेची २३ पिल्लं मी खोक्यात ६० वॅटच्या बल्बखाली वाढवली. पहिल्या दिवसापासून त्यांना मीच दिसत होते, म्हणून ती माझ्या निळ्या चपलांमागे पळायची. चप्पल दारात काढली की तिच्याभोवती गोळा होऊन झोपायची. लोकांना कौतुक वाटायचं, मला काळजी वाटायची. पाचव्या दिवशी त्यातली आठ तांबडीला देऊन बघितली. तिने टोचून हाकलली आणि तीही माझ्या पायाकडे पळाली. तोवर दोघांनीही आपापलं माणूस ठरवलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत त्या २३ मधली ९ गेली. बहुतेक घारीने नेली, दोन मुंगसाने. उघड्यावर दाणा टिपत बसायची, वर बघायचीच नाहीत. घोंगड्यामुळे की आई नव्हती म्हणून, हे मी एका खेपेवरून सांगणार नाही.

आषाढात आमची कवडी खुडूक झाली होती. तिच्याखाली मुद्दाम पाच अंडी ठेवली, पेटीच्याच दिवशी. पिल्लं निघाली त्या रात्री दिवा न लावता पेटीतली १२ सुकलेली पिल्लं एकेक करून तिच्या पंखाखाली सरकवली. तिने दोनदा हाताला टोचलं आणि मग पिसं फुगवून खाली बसली. सकाळी १७ डोकी बाहेर डोकावत होती आणि ती सगळ्यांना एकसारखं बोलावत होती. कणी टाकली की चोचीने उचलून परत खाली टाकायची, टुकटुक करायची, पिल्लं धावायची. एकदा ती नवीन भरड्याकडे बघेनात, तर तिने तोच भरडा उकरून उकरून, आवाज वाढवून दाखवला. ब्रिटनच्या क्रिस्टीन निकोल यांनी १९९० च्या दशकात हेच तपासलं होतं. कोंबडीला जो दाणा वाईट ठाऊक आहे तो पिल्लं टिपताना दिसली, तर ती चांगल्याकडे वळवायला उकरणं वाढवते.

पायांकडे बघा, कवडीचे पिवळे आहेत. कोंबडीची मूळ वंशावळ तांबड्या रानकोंबड्याकडे जाते, पण कातडीचा हा पिवळा रंग आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याकडून आलाय, असं स्वीडनच्या संशोधकांना २००८ मध्ये आढळलं. तो अजूनही पहाटे आमच्या वरच्या रानातून ओरडतो.

श्रावणात एक दिवस घार खाली आली. कवडीने एक लांब, बारीक आवाज काढला. मुंगूस दिसल्यावर ती ‘कॉक-कॉक-कॉक’ करते, तो आवाज वेगळा. त्या एका आवाजावर सतराही पिल्लं घाणेरीच्या कुंपणाखाली शिरली आणि तिथेच चिकटून बसली. घार दोन फेऱ्या मारून गेली. मी हातात काठी घेऊन उभी होते, पण माझं काही काम नव्हतं. त्या १७ मधली १५ आज अंगणात आहेत.

सांगायचं तर पेटी घ्या, पण पोचल्याबरोबर तापाच्या थर्मामीटरने आकडा ताडून बघा, बॅटरी चार्ज ठेवा, आणि घरात एकही कोंबडी खुडूक नसेल तर थोडं थांबा. आमची कवडी परवापासून परत बसलीय. चोच पुढे करून फुत्कारते, डालग्यातून उठत नाही. उद्या पेटी धुऊन उन्हात वाळवायची आहे.