रजोनिवृत्तीनंतरच्या हाडांसाठी वजनांचा वर्ग: सात महिन्यांनंतर

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. एवढ्याशा पडण्याने हाड मोडतेच कसे, याचा शोध घेता घेता घरातल्या आम्हा तिघी बायकांची डेक्सा तपासणी, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजण्याची तपासणी, झाली. माझे वय तेव्हा सत्तावन्न होते, पाळी जाऊन आठ वर्षे झाली होती आणि कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण स्त्रीच्या हाडांच्या तुलनेत आपली घनता किती कमी-जास्त आहे हे सांगणारा आकडा, उणे २.१ आला. उणे १ ते उणे २.५ या पट्ट्याला ऑस्टिओपेनिया (हाडे विरळ होऊ लागणे) म्हणतात आणि उणे २.५ किंवा त्याखाली गेले की ऑस्टिओपोरोसिस (हाडे ठिसूळ होणे). म्हणजे मी उंबरठ्याच्या अलीकडे होते, पण फार अलीकडे नव्हते. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिले आणि ‘वजने उचलायला लागा, पण कोणाकडून तरी शिकून’ असे बजावले. त्यामुळे पुण्याच्या पश्चिम भागातल्या, केवळ रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी चालणाऱ्या एका व्यायामवर्गात मी नाव घातले. त्याला आता सात महिने झाले. वर्गाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या या एकाच वर्गाच्या नसाव्यात असे इतर ठिकाणी जाणाऱ्या मैत्रिणींशी बोलल्यावर माझे मत झाले आहे.

वर्ग आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी पाऊण तासाचा असतो. तो पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही, याला तक्रार म्हणावे की व्यायामाचा पहिला भाग म्हणावे हे ज्याचे त्याने ठरवावे. शिकवणारी मुलगी फिजिओथेरपिस्ट असून तिशीच्या आतबाहेरची आहे, आणि ती सगळ्यांना सरसकट ‘काकू’ म्हणते. बँकेत तीस वर्षे ‘मॅडम’ ऐकल्यानंतर हे पचायला मला दोन आठवडे लागले.

पहिल्याच दिवशी तिने व्यायाम करू दिला नाही, ही मला आवडलेली पहिली गोष्ट. तिने अर्धा तास प्रश्न विचारले: पूर्वी कधी हाड मोडले आहे का, आईचा खुबा मोडला होता का, स्टिरॉइडची औषधे दीर्घकाळ घेतली आहेत का, तरुणपणीच्या मानाने उंची कमी झाली आहे का. शेवटचा प्रश्न ऐकून मी हसले, तेव्हा तिने भिंतीशी उभे करून माझी उंची मोजली आणि पासपोर्टसाठी पूर्वी नोंदवलेल्या उंचीशी ताडून पाहिली. मणक्यांची हाडे हळूहळू चेपत जातात तेव्हा पुष्कळदा दुखतसुद्धा नाही, केवळ उंची घटते आणि पाठीला बाक येतो, हे मला तिथे पहिल्यांदा कळले. माझ्याबरोबर आलेल्या एका बाईंचा टी-स्कोअर उणे २.९ होता आणि उंची चार सेंटिमीटरहून अधिक घटलेली होती. त्यांना तिने पैसे न घेता परत पाठवले आणि मणक्यांचा एक्स-रे व डॉक्टरांची चिठ्ठी आणल्यावरच घेतले. त्या बाई आता औषधही घेतात आणि बेताने वर्गही करतात. औषधाच्या जागी व्यायाम चालणार नाही, हे त्यांना तिनेच दोनदा समजावून सांगितलेले मी ऐकले आहे.

‘मी रोज पाऊण तास चालते, ते पुरेसे नाही का?’ हा प्रश्न तिथे येणारी प्रत्येक बाई विचारते आणि मीही विचारला होता. हाड हे जिवंत ऊतक आहे. त्यात जुने कुरतडून काढणाऱ्या पेशी आणि नवे बांधणाऱ्या पेशी यांचे काम आयुष्यभर चालू असते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालते, आणि पाळी गेल्यावर तो आवर सुटतो, म्हणून पहिल्या काही वर्षांतच हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. दुसऱ्या बाजूला, हाडावर जसा भार पडतो तसे ते स्वतःला घडवते, हे जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ सालीच मांडले होते. यातली मेख अशी की हाडाला सवयीचा भार जाणवत नाही. वीस वर्षे त्याच रस्त्याने त्याच वेगाने चालणाऱ्या बाईच्या हाडांना आजचे चालणे म्हणजे काही नवे वर्तमान नसते. चालणे हृदयाला, साखरेला आणि मनाला चांगलेच, परंतु कमरेच्या मणक्यांची घनता त्याने फारशी बदलत नाही. पोहणे आणि सायकल यांत तर शरीराचा भार पाण्यावर किंवा बैठकीवर जातो.

या वर्गाची आखणी ज्या प्रयोगावर बेतलेली आहे, तो ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठातला असून ‘लिफ्टमोर’ या नावाने ओळखला जातो. त्यात हाडांची घनता कमी असलेल्या, अठ्ठावन्नच्या पुढच्या शंभरावर स्त्रिया होत्या. निम्म्या जणींनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, देखरेखीखाली चांगली जड वजने उचलली आणि उड्यांचा व्यायाम केला. उरलेल्यांनी घरी हलका व्यायाम केला. वजने उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. ‘या वयात जड उचललेस तर मोडशील’ या आपल्याकडच्या पिढीजात धाकाला इतके नेमके उत्तर मी दुसरे पाहिले नाही, कारण त्या आठ महिन्यांत वजने उचलणाऱ्यांपैकी एकीच्या कमरेत किरकोळ उसण भरण्यापलीकडे कोणालाही इजा झाली नव्हती. मात्र ‘देखरेखीखाली’ हा शब्द त्यात महत्त्वाचा आहे.

ही देखरेख म्हणजे काय, हे जमिनीवरून दांडा उचलण्याच्या व्यायामात दिसते. त्याला ते डेडलिफ्ट म्हणतात. पहिला महिनाभर माझ्या हातात दांडाच दिला नव्हता. खराट्याची काठी पाठीवर उभी धरायची, ती डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांमधला भाग आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे, आणि तशीच टेकलेली ठेवून कमरेतून नव्हे तर खुब्यातून वाकायचे. हे ऐकायला सोपे आहे. जन्मभर पाठ गोल करून केर काढलेल्या, फरशी पुसलेल्या बाईला ते जमायला किती दिवस लागतात, ते तिथे जाऊनच पाहावे. काठी सुटली की शिकवणारी मुलगी काही बोलत नसे, नुसती काठीवर बोटाने टकटक करी. नंतर आठ किलोंचा दांडा आला, मग त्याला दोन्हीकडून अडीच अडीच किलोंच्या चकत्या लागल्या, आणि सातव्या महिन्यात मी बत्तीस किलो उचलते. भरलेला गॅस सिलिंडर तीसेक किलोंचा असतो. तो सरकवण्यासाठी मी शेजारच्या मुलाला हाक मारत असे. आता मारत नाही.

प्रत्येकीची एक दोनशे पानी वही असते. तीत तारीख, व्यायाम, वजन, आवर्तने आणि शेवटच्या रकान्यात ‘किती जड वाटले’ याला दहापैकी गुण, असे लिहायचे. गुण सहाच्या खाली आले तर पुढच्या वेळी वजन वाढते आणि नऊच्या वर गेले तर उतरते. इतका साधा हिशेब, पण हाडाला दर थोड्या दिवसांनी नवा भार मिळाला पाहिजे हे तत्त्व या एका रकान्यात सांभाळले जाते. ज्या वर्गात वर्षभर सगळ्या जणी एक-एक किलोची गुलाबी डंबेल्स घेऊन गाण्यावर हात हलवत असतात, तिथे करमणूक होत असेल, पण हाडांना त्यातून फारसे काही मिळत नाही.

टाचा उचलून जमिनीवर आपटण्याचा व्यायामही आहे, आणि खालच्या मजल्यावरच्या शिवणक्लासच्या बाईंनी तक्रार केल्यावर आमच्यासाठी रबरी चटई आली. तोल सांभाळण्याच्या व्यायामांवर मात्र वेळ कमी दिला जातो: एका पायावर उभे राहणे आणि एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचे बोट लावून सरळ रेषेत चालणे मिळून जेमतेम पाच मिनिटे. खुबा मोडण्याचे निमित्त बहुतेक वेळा पडणे हेच असते, हे लक्षात घेता एवढा वेळ अपुरा आहे.

आता जी गोष्ट मला खरोखर खटकली तिच्याकडे येते. महिन्यातून एका रविवारी पाहुणे शिक्षक येऊन ‘शिथिलीकरणाची योगासने’ घेत. त्यात पश्चिमोत्तानासन होते, हलासन होते, आणि ‘अजून थोडे, अजून थोडे’ म्हणत पाठीवर हात ठेवून दाबणेही होते. १९८४ साली अमेरिकेत मेहरशीद सिनाकी आणि मिकेलसन यांनी ऑस्टिओपोरोसिस असलेल्या स्त्रियांवर केलेला एक लहान पण प्रसिद्ध अभ्यास आहे: पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींच्या मणक्यांत नव्याने चेपल्याच्या खुणा दिसल्या, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींच्या. पाठ गोल करून पुढे वाकले की मणक्याच्या पुढच्या, आधीच पोकळ झालेल्या कडेवर सगळा दाब येतो. योगाशी माझे भांडण नाही. भुजंगासन, वीरभद्रासन, वृक्षासन ही आसने या बायकांसाठी उत्तमच आहेत. पण ज्या खोलीत मंगळवारी काठी लावून पाठ सरळ ठेवायला शिकवले, त्याच खोलीत रविवारी तीच पाठ दाबून गोल करायची, हे मला पटले नाही. मी उठून बाजूला बसले आणि नंतर शिकवणाऱ्या मुलीशी बोलले. तिला हे ठाऊक होते. तो रविवार मालकांनी ठरवला होता. दोन महिन्यांनी पुढे वाकण्याची आसने वगळली गेली, परंतु त्या दरम्यान आलेल्या बायकांना कोणीही काही सांगितले नाही.

दुसरी तक्रार जाहिरातीची. दारावरच्या फलकावर ‘सहा महिन्यांत हाडांची घनता १० टक्क्यांनी वाढवा’ असे लिहिलेले आहे. वर सांगितलेल्या प्रयोगात आठ महिन्यांत मिळालेली वाढ तीन टक्क्यांच्या आतली होती आणि ती उत्तम मानली जाते. या वयात घनता घटू न देणे हेच मोठे यश. त्याच फलकाला जोडून सहा महिन्यांनी सवलतीत पुन्हा डेक्सा करून देण्याची योजना आहे, ती मी घेतली नाही. हाडाच्या एका ठिकाणचा जुना भाग काढून नवा बांधून होण्यासच चार-सहा महिने लागतात, आणि यंत्राच्या मोजणीतच एक-दोन टक्क्यांचा फरक पडू शकतो. माझ्या डॉक्टरांनी पहिल्या तपासणीनंतर किमान वर्ष-दीड वर्षाने, आणि त्याच यंत्रावर, यायला सांगितले आहे. म्हणून घनता वाढली की नाही हे या परीक्षणात मी लिहू शकत नाही. जे मोजता आले ते इतकेच: खुर्चीवरून हातांचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात मी पूर्वी अकरा वेळा उठत होते, आता सोळा वेळा उठते.

आहाराचा कागद अगदीच घाईत काढलेला आहे. नाचणीची एक भाकरी खाल्ली की कॅल्शियमची चिंता मिटली, असा त्याचा सूर आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि एका भाकरीला पन्नास-साठ ग्रॅम पीठ लागते, तर आमची रोजची गरज हजार ते बाराशे मिलिग्रॅमची. दूध, दही, तीळ यांच्याशिवाय हा हिशेब जुळत नाही. त्या कागदाच्या मागच्या बाजूला मात्र प्रथिनांच्या पावडरीची किंमत व्यवस्थित छापलेली आहे.

महिन्याला अडीच हजार रुपये फी आहे, आणि एकेकीच्या पाठीवर काठी धरून पाहणारे कोणी असेल तर ती जास्त नाही. मी आले तेव्हा संध्याकाळच्या तुकडीत सात जणी होत्या. आता चौदा आहेत, शिकवणारी एकच आहे, आणि गेल्या महिन्यात माझी काठी दोन वेळा सुटली तरी टकटक झाली नाही. पुढच्या सहा महिन्यांचे पैसे मी भरले आहेत, ते सकाळी सातच्या तुकडीसाठी. तिथे आम्ही सहा जणी आहोत.